आकडा २००वर अडकतो तेव्हा: मायक्रोटिकचं लायसन्स आणि संध्याकाळी न लागणारं नेट

संध्याकाळचे सात वाजले की काही ग्राहकांचं नेट डायल होत नाही. मध्यवर्ती राउटर बंद करून चालू केला की लागतं, आणि तासाभरात दुसऱ्याच गल्लीतून फोन सुरू होतात. सकाळी सगळं सुरळीत. हा त्रास तालुक्याच्या गावांत केबलबरोबर इंटरनेट देणाऱ्या अनेकांना होतो आणि महिनेच्या महिने चालतो, कारण दोष फायबरमध्ये शोधला जातो. मी अशी बरीच ठिकाणं पाहिली आहेत. बहुतेक वेळा फायबर ठणठणीत असतं आणि आडवं येतं ते मध्यवर्ती मायक्रोटिक राउटरचं लायसन्स.

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका गावाहून अण्णांचा फोन आला. अण्णांची पूर्वी नुसती केबल होती. डिश आल्यावर जोडण्या कमी झाल्या, तेव्हा त्यांनी हिमतीने फायबर ओढलं. आज गाव आणि भोवतालच्या चार वाड्या मिळून २२६ आयडी, म्हणजे ग्राहकांची लॉगिन नावं, आहेत. घराघरात फायबरचा डबा, म्हणजे ओएनयू, आणि अण्णांकडे या सगळ्यांना जोडणारं यंत्र, म्हणजे ओएलटी.

"भाऊ, तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी हेच. पोरानं ओएनयू बदलले, दोन ठिकाणी परत स्प्लायसिंग केलं, पासवर्ड बदलून दिले. ओएलटीच गेली का काय?"

"ओएनयूवर लाल लाईट येते का, अण्णा?"

"नाही. पॉनची हिरवी आहे, हलत नाही. इंटरनेटची तेवढी लागत नाही."

पॉनची लाईट स्थिर हिरवी म्हणजे ओएनयूपासून ओएलटीपर्यंतची वाट धड आहे. मग मी त्यांना विनबॉक्स, म्हणजे राउटर हाताळायचा संगणकावरचा प्रोग्राम, उघडून पीपीपी मेनूतला ॲक्टिव्ह कनेक्शन्सचा टॅब पाहायला सांगितलं. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात किती ओळी आहेत तो आकडा दिसतो.

"दोनशे."

"पाच मिनिटांनी परत बघा."

"दोनशेच."

मी एक चालू ग्राहक निवडून त्याची ओळ काढून टाकायला सांगितली. १९९ झाले आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा २००. ज्याची ओळ काढली तो परत आलाच नव्हता, त्याच्या जागी वाडीतला दुसरा कुणी आत शिरला होता. निदान तिथेच झालं. दार २०० जणांचं होतं आणि बाहेर रांग उभी होती.

राउटर रीस्टार्ट केल्यावर तक्रार एका वाडीतून दुसऱ्या वाडीत का जाते, तेही यातून कळतं. रीस्टार्टमध्ये सगळेच बाहेर पडतात आणि सगळे एकदम डायल करतात. जे आधी पोचतात ते आत, मागे राहिलेले बाहेर. मघाशी ओरडणाऱ्याचं लागतं म्हणून आपल्याला वाटतं, दुरुस्त झालं. खरं तर त्याला मिळालेली जागा दुसऱ्या कुणाची तरी गेलेली असते. संध्याकाळीच हे घडतं, कारण गावाकडे बरीच घरं दिवसा ओएनयूचं बटण बंद ठेवतात, त्यात पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लगच काढतात. अण्णांकडे सकाळी ११ वाजता जेमतेम दीडशे जण जोडलेले असायचे.

लायसन्स म्हणजे इथे काय

आपल्या धंद्यात लायसन्स म्हटलं की आधी दूरसंचार विभागाचं ए, बी, सी वर्गाचं आयएसपी लायसन्स डोळ्यांपुढे येतं. हे त्याहून वेगळं. मायक्रोटिक ही लॅटव्हियातली कंपनी, आणि तिच्या राउटरवर चालणाऱ्या राउटरओएस या प्रणालीचं हे लायसन्स आहे. ते वर्षावर्षाला संपत नाही, त्याचं नूतनीकरण लागत नाही. राउटरबोर्ड, म्हणजे मायक्रोटिकचा तयार राउटर, विकत घेतला की त्यात ते आधीच भरलेलं असतं. म्हणूनच त्याची आठवण कुणाला राहत नाही.

सिस्टीम मेनूत लायसन्स उघडलं की लेव्हल दिसते. लेव्हल ४ असेल तर एका वेळी २०० पीपीपीओई सेशन, म्हणजे आयडी-पासवर्ड देऊन लागलेल्या चालू जोडण्या. लेव्हल ५ असेल तर ५००. लेव्हल ६ला लायसन्सची मर्यादा नाही. हॉटस्पॉटच्या ग्राहकांनाही हेच आकडे लागू होतात, म्हणजे मोठं लॉज किंवा वसतिगृह सांभाळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तुम्ही आयडी किती बनवल्या याला मर्यादा नाही, एका क्षणी किती जण आत आहेत ते मोजलं जातं. अण्णांकडे २२६ आयडी असूनही वर्षभर काही जाणवलं नाही ते यामुळे. सगळे एकदम आत कधी आलेच नव्हते.

कोणत्या बॉक्सवर कोणती लेव्हल येते हे विकणाऱ्याने सांगायला हवं, पण फार थोडे सांगतात. हेक्स हा छोटा पाच पोर्टचा राउटर लेव्हल ४चा. आरबी ४०११ आणि आरबी ५००९ लेव्हल ५चे. सीसीआर मालिकेतले लेव्हल ६चे. अण्णांना ज्याने हेक्स बसवून दिला, त्याने 'सहज चालेल' एवढंच सांगितलं होतं. तेव्हा जोडण्या साठ होत्या, त्यामुळे तेव्हा ते खरंही होतं.

कोणत्या आकड्यावर अडकतंय ते बघा

या सगळ्या त्रासात मी सर्वांत आधी हेच विचारतो. नेट कुणाचं लागत नाही, कोणत्या वाडीत, कोणता ओएनयू, हे सगळं नंतर. ॲक्टिव्हचा आकडा कुठे थांबतो ते आधी सांगा.

२०० किंवा ५००वर थांबला तर लायसन्स. लायसन्सची खिडकी उघडून लेव्हल जुळते का तेवढं पाहायचं.

२५३च्या आसपास थांबला तर लायसन्सला हात लावू नका, आयपी पूल, म्हणजे ग्राहकांना वाटायच्या पत्त्यांचा साठा, संपलाय. शेवटच्या खान्यात २ ते २५४ असा पूल दिला की त्यात २५३ पत्ते बसतात. आयपी मेनूत पूल उघडा, तिथे वापरलेल्या पत्त्यांचा वेगळा टॅब आहे. दुसरा पूल बनवून पहिल्या पुलाच्या नेक्स्ट पूल या रकान्यात त्याचं नाव टाकलं की काम झालं. लेव्हल ५चा नवा बॉक्स घेऊनही २५३वर अडकलेला एक माणूस मला माहीत आहे. जुन्या बॉक्सचं बॅकअप नव्यावर चढवलं, पूल जसाच्या तसा आला. नवीन बॉक्सच खराब निघाला असं समजून तो परत पाठवायला निघाला होता.

१०० किंवा ३०० अशा गोल आकड्यावर थांबला तर पीपीपीओई सर्व्हरच्या खिडकीत मॅक्स सेशन्सचा रकाना पाहा. आधीच्या माणसाने तिथे काहीतरी भरून ठेवलेलं असतं.

आणि २० किंवा ५०? तर तुम्ही राउटरमधलाच युजर मॅनेजर रेडियस, म्हणजे आयडी-पासवर्ड तपासणारा सर्व्हर, म्हणून वापरताय. त्याची मर्यादा वेगळी आहे आणि बरीच कमी: लेव्हल ४ला २० चालू सेशन, लेव्हल ५ला ५०. दोनशेची खात्री बाळगून बसलेल्या माणसाला एकविसाव्या ग्राहकाशी असा दगा झाला की तो पार गोंधळून जातो. वीसच्या पुढे जायचं असेल तर एकतर आयडी थेट पीपीपीच्या सीक्रेट्समध्ये, म्हणजे राउटरमधल्या आयडी-पासवर्डच्या यादीत, ठेवा, नाहीतर रेडियससाठी वेगळी सोय करा.

बाहेरचं बिलिंग पॅनेल असेल तर तेही पाहावं लागतं. बऱ्याच पॅनेलची किंमत ग्राहकसंख्येच्या टप्प्यावर ठरते आणि टप्पा संपला की पॅनेल नकार देतं. पण तिथे लक्षण वेगळं असतं. लायसन्स किंवा मॅक्स सेशन्स भरलं असेल तर ग्राहकाचा ओएनयू नुसताच डायल करत राहतो. पॅनेलने नाकारलं तर लॉगमध्ये युजरनेम-पासवर्ड नाकारल्याची ओळ येते.

२०० खरे आहेत का?

आकडा २०० दिसला म्हणून लगेच नवा बॉक्स घ्यायला धावू नका. आत बसलेल्या दोनशेंपैकी कितीजण खरे आहेत ते आधी तपासा. माझ्या मते या दुरुस्तीतली सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच कुणी करत नाही.

ॲक्टिव्ह कनेक्शन्समध्ये नावाच्या रकान्यावर टिचकी मारा, यादी नावाप्रमाणे लागेल. आता एकच नाव दोनदा दिसतंय का ते वरून खाली डोळ्यांखालून घाला. दिसलं तर शेजारचा कॉलर आयडीचा रकाना पाहा, तिथे समोरच्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राची ओळख, असते. दोन्ही ओळींत मॅक एकच असेल तर एक सेशन अडकलेलं आहे. लाईट गेली, ओएनयू निरोप न घेता बंद पडला, लाईट आल्यावर परत डायल केलं, आणि राउटरने जुनी ओळ अजून धरून ठेवली आहे. मॅक वेगवेगळे असतील तर एकच आयडी दोन घरांत चालतेय. भावाभावांत वाटून घेतलेली असेल, शेजाऱ्याला दिलेली असेल, किंवा आपल्याच पोराने जोडणी करताना घाईत जुनी आयडी टाकून दिली असेल.

अण्णांच्या यादीत आठ आयडी दोन-दोन मॅकवर चालत होत्या. अडकलेली सेशन पंधरा-वीस. त्या संध्याकाळी लाईट दोनदा झपकली होती, त्यामुळे ती जरा जास्तच होती.

अडकलेली इतकी का होती? पीपीपीओई सर्व्हरच्या खिडकीत कीपअलाइव्ह टाइमआउट नावाचा रकाना आहे. मुळात तिथे १० सेकंद असतात. त्याच्या दुप्पट वेळ, म्हणजे साधारण २० सेकंद समोरून काहीच उत्तर आलं नाही तर राउटर त्याला गेला असं धरतो. अण्णांकडे तिथे ६०० होते. गावाकडे लाईट ये-जा करते, जोडणी तुटू नये, म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने वाढवले असणार. पण लाईट गेलेल्या घरात ओएनयूच बंद असतो, तिथे जोडणी राखून काय मिळणार? उलट प्रत्येक बंद ओएनयू २० मिनिटं दोनशेंतली एक जागा अडवून बसायचा. तो परत १० केला.

त्याच खिडकीत वन सेशन पर होस्ट अशी चौकट आहे. ती आधीपासून टिचकी मारलेली नसते. ती मारा. मग एकाच मॅककडून नवं सेशन आलं की जुनं आपोआप बंद होतं. एकाच आयडीचे दोन वापर थांबवायला पीपीपी प्रोफाइलमध्ये ओन्ली वन हा पर्याय 'येस' करा. ज्या आयडी वाटून वापरल्या जातात त्यांच्या सीक्रेटमध्ये कॉलर आयडीच्या रकान्यात त्या घराचा मॅक भरून टाकला की प्रश्नच मिटतो. मात्र मॅक बांधल्यावर ओएनयू बदलला तर सीक्रेटमध्येही बदलावा लागतो. लाईनवर काम करणाऱ्या पोराला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ओएनयू बदलल्यावर 'नवीनही खराब निघाला' म्हणून तुमचा आणखी एक दिवस जाईल.

एवढं केल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा सर्वाधिक आकडा १८७ आला. बाहेर कुणी नव्हतं. एक पैसाही खर्च न होता गणपतीचे दिवस निघाले.

खरोखरच २०० झाले तर

दिवाळीत मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात, वर्षभर बंद असलेली घरं उघडतात आणि त्यांचे ओएनयू चालू होतात. अण्णांचा आकडा पुन्हा २००ला टेकला. या वेळी सगळे खरे होते.

लायसन्स 'वाढवून' मिळत नाही, म्हणजे चारच्या लेव्हलचे पैसे वजा करून सहाची मिळेल असं नाही. हव्या त्या लेव्हलची नवीन की पूर्ण किमतीला घ्यावी लागते. ती त्या बॉक्सच्या सॉफ्टवेअर आयडीसाठी, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकासाठी, बनते आणि दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही. अण्णांच्या जुन्या हेक्ससारख्या छोट्या बॉक्सवर लेव्हल ६ची की टाकावी का? माझं मत स्पष्ट आहे: टाकू नये. लायसन्सचं दार उघडेल, पण दोन कोअरचा प्रोसेसर आणि २५६ एमबी मेमरी तेवढीच राहणार. प्रत्येक ग्राहकाच्या वेगाला मर्यादा घालणारी क्यू लावलेली असते, तीनशे क्यू सांभाळताना तो धापा टाकेल आणि संध्याकाळचा त्रास नाव बदलून परत येईल. तेवढ्या पैशांत मोठा बॉक्स पाहा.

की टाकायचीच असेल तर ती सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेघांच्या ओळींसकट, पूर्णच्या पूर्ण उचलून टर्मिनलमध्ये चिकटवायची आणि राउटर रीबूट करायचा. की व्हॉट्सॲपच्या संदेशात फिरवू नका, फाईल म्हणूनच पाठवा. संदेशात ओळी तुटतात, रेघा बदलतात आणि मग की चुकीची म्हणून येते. लायसन्सची खिडकी उघडून सॉफ्टवेअर आयडीचा फोटो मात्र काढून ठेवा.

अण्णांनी वेगळा मार्ग घेतला. ओएलटीच्या पॉन पोर्टप्रमाणे व्हीएलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कमधल्या वेगळ्या वाटा, पाडल्या. गाव एका बाजूला, चार वाड्या दुसऱ्या बाजूला. गाव जुन्या हेक्सवर ठेवलं, वाड्या लेव्हल ५च्या नव्या बॉक्सवर नेल्या. प्रत्येक बॉक्सला त्याची स्वतःची मर्यादा, त्यामुळे भार वाटला गेला आणि एक बॉक्स बंद पडला तर निम्मं गाव तरी चालू राहतं. दोन्ही बॉक्स एकाच व्हीएलॅनवर सोडले तरी चालतं, जो आधी उत्तर देईल त्याच्याकडे ग्राहक जातो. पण मग कोण कुठे गेलाय हे शोधत बसावं लागतं. वाटणी आधीच केलेली बरी.

पीपीपीओई सोडून थेट डीएचसीपीवर, म्हणजे लॉगिनशिवाय आपोआप पत्ता देणाऱ्या पद्धतीवर, ग्राहक घेतले तर हा दोनशेचा हिशोबच लागत नाही, कारण डीएचसीपीला अशी मर्यादा नाही. पण मग कोणता ग्राहक कोण हे ओएलटीकडून कळवून घ्यावं लागतं, आणि चालत्या गावात ते काम एका रात्रीत होत नाही.

संगणकावर चालणारा राउटर: २४ तास आणि १ एमबीपीएस

काही जण राउटरबोर्डऐवजी साध्या संगणकावर राउटरओएस चढवतात. तिथे लायसन्स डिस्कला बांधलेलं असतं. डिस्क जुनी झाली, म्हणून कुणीतरी क्लोन करून नवी एसएसडी बसवतो. चालू केल्यावर सगळं छान चालतं आणि दुसऱ्या दिवशी अचानक बंद पडतं. डिस्क बदलली, सॉफ्टवेअर आयडी बदलली, लायसन्स गेलं आणि राउटर २४ तासांच्या चाचणीवर आला. 'काल तर चालत होतं' हे वाक्य ऐकलं की मी आधी डिस्क कधी बदलली ते विचारतो. डिस्क खरोखरच मेली असेल तर मायक्रोटिककडून बदली की मागता येते, त्यासाठी जुनी आयडी लागते. वर फोटो काढायला सांगितला तो यासाठीही. चांगली डिस्क दुसऱ्या एखाद्या साधनाने फॉर्मॅट करू नका, लायसन्स पुसलं जातं. पुन्हा इन्स्टॉल करायचंच असेल तर मायक्रोटिकचंच नेटइन्स्टॉल वापरा, ते लायसन्स राखून ठेवतं.

व्हर्च्युअल मशीनवर चालणारी आवृत्ती म्हणजे सीएचआर. तिचा हिशोब माणसांवर नाही, वेगावर आहे. फुकट आवृत्तीत सगळ्या सुविधा मिळतात, फक्त प्रत्येक इंटरफेसमधून बाहेर जाणारा वेग १ एमबीपीएसला बांधलेला असतो. दोनशे ग्राहक छान जोडले जातात आणि एकाचंही पान उघडत नाही. पी१ला १ जीबीपीएस, पी१०ला १० जीबीपीएस, त्याच्या वर अमर्याद. साठ दिवसांची चाचणी मिळते, ती आधी वापरून पाहा.

इथे एक अडचण मला वारंवार दिसते. सीएचआर ठरावीक काळाने मायक्रोटिकच्या सर्व्हरशी बोलून आपलं लायसन्स ताजं करतं. ते जमलं नाही आणि शेवटची तारीख उलटली तर राउटर त्याच वेगाने चालू राहतो, पण नवीन आवृत्ती घेता येत नाही. आणि गंमत अशी की ग्राहकांना इंटरनेट देणाऱ्या राउटरला स्वतःला इंटरनेट नसतं! वरच्या कंपनीने जोडणीला खासगी पत्ता दिलेला असतो, सार्वजनिक पत्ते ग्राहकांकडे वळवलेले असतात. राउटर स्वतः बाहेर बोलायला गेला की तो खासगी पत्ता घेऊन जातो आणि उत्तर परत येत नाही. राउटरच्याच टर्मिनलमधून एखादं नाव पिंग करून पाहा. लागत नसेल तर आधी डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) पाहा, मग राउटरच्या स्वतःच्या बाहेर जाणाऱ्या पॅकेटला सार्वजनिक पत्ता मिळेल असा सोर्स नॅटचा नियम लावा. एका नियमाचं काम आहे.

व्हर्च्युअल मशीनची प्रत काढून दुसरीकडे चालवली तर दोघांची सिस्टीम आयडी एकच होते आणि लायसन्स भांडत राहतं. नव्या प्रतीवर नवी आयडी तयार करायचा पर्याय आहे, तो तिथेच वापरा. मूळ, लायसन्स असलेल्या मशीनवर तो चुकूनही दाबू नका.

'क्रॅक' केलेल्या राउटरओएसबद्दल इथेच बोलतो. तालुक्यातालुक्यांत तो पेनड्राईव्हवर फिरतो, मला माहीत आहे. २०१८ साली विनबॉक्समधली मोठी त्रुटी उघडकीला आली, कुणीही दूरवरून राउटरचे पासवर्ड वाचू शकत होता. दुरुस्ती उपलब्ध झाली, पण ती ज्यांनी चढवली नाही त्यांचे राउटर महिनोन्महिने उघडे होते. क्रॅक असलेला माणूस आवृत्ती बदलायला घाबरतो, कारण क्रॅक जाईल. आपल्या राउटरमधून गावातल्या पतसंस्थेचा, शाळेचा, म्हाताऱ्या आईच्या पेन्शनचा व्यवहार जातो. वाचवलेले काही हजार त्याच्यापुढे काहीच नाहीत. कृपा करून असं करू नका.

सुविधा दिसते, पण चालत नाही

अलीकडे एक नवीन प्रकार सुरू झालाय आणि तो लायसन्ससारखाच वाटतो. रोज रात्री बॅकअप मेलवर यायचं, ते नवा बॉक्स लावल्यावर येईना. शेड्युलर आहे, स्क्रिप्ट आहे, पण 'डिव्हाइस मोड परवानगी देत नाही' अशा अर्थाची ओळ येते. राउटरओएस ७मध्ये डिव्हाइस मोड नावाचं कुलूप आहे आणि ७.१७ आवृत्तीपासून ते बऱ्याच जास्त सुविधांना लागू झालं. घरगुती बॉक्स 'होम' मोडमध्ये येतात, त्यात शेड्युलर, फेच, ईमेल, हॉटस्पॉट, स्निफर बंद असतात. मोठे बॉक्स 'ॲडव्हान्स्ड'मध्ये येतात, त्यात यांतलं बहुतेक चालू असतं, पण कंटेनर बंद असतो. राउटरचा ताबा दूरवरून कुणी घेतला तरी त्याचा हत्यार म्हणून वापर होऊ नये, यासाठी हे कुलूप आहे, आणि वर लिहिलेलं २०१८चं प्रकरण पाहता ते मला पटतं.

हे कुलूप दूरवरून उघडत नाही. टर्मिनलमधून मोड बदलायची आज्ञा दिली की राउटर पाच मिनिटं थांबतो. तेवढ्यात कुणीतरी बॉक्सवरचं रीसेट किंवा मोडचं बटण दाबायचं, नाहीतर बॉक्सची वीज तोडायची. रीबूटची आज्ञा चालत नाही, वीजच जायला हवी. डोंगरावरच्या टॉवरवर बॉक्स असेल तर ही पाच मिनिटं भलतीच महाग पडतात. बॉक्सला स्विचवरून पीओई, म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच वीज, जात असेल तर तो पोर्ट बंद-चालू केला की वर न चढता काम होतं. पण त्याच बॉक्सला ॲडॉप्टरही लावलेला असेल तर पीओई तोडून तो बंदच पडत नाही, आणि पाच मिनिटं संपतात. पुष्टी न होता तीनदा प्रयत्न वाया गेला तर राउटर पुढचे प्रयत्न थोपवून धरतो आणि मग बटणाशिवाय किंवा वीज तोडल्याशिवाय गत्यंतर नसतं.

म्हणून टॉवरवर किंवा वाडीत जाणारा प्रत्येक बॉक्स मी आता ऑफिसच्या टेबलावरच उघडतो. मोड लावायचा, लेव्हल पाहायची, सॉफ्टवेअर आयडीचा फोटो घ्यायचा, कीपअलाइव्ह आणि वन सेशन पर होस्ट तपासायचं, आणि बॉक्सच्या पाठीवर मार्करने लेव्हल लिहायची. अण्णांच्या जुन्या हेक्सवर '२००' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. त्याखाली अण्णांनी स्वतःच्या अक्षरात १८० लिहून गोल केलाय. ॲक्टिव्हचा आकडा १८०ला पोचला की त्यांनी मला फोन करायचा, असं आमचं ठरलंय. पाडव्याच्या आठवड्यात तो १६३पर्यंत गेला होता.